साय न धरणारी तार

बाई गोगलगाय,

मायना, आशीर्वाद वगैरे काही घालत नाही. तुझ्या प्रयोगशाळेतून परवा एक मुलगी आली होती. त्यांच्या स्मरणिकेत तुझ्यावर एक लेख हवा आहे. तुला फोन केला तर म्हणे तू एवढंच म्हणालीस, "माझं काय लिहायचं? मी तारा बुडवत होते." आणि ठेवलास फोन. बिचारी मुलगी वही उघडी टाकून माझ्यासमोर बसली होती. मी तिला म्हटलं, ठेव ती वही पिशवीत, मीच लिहून देते.

तेव्हा आता लिहिते आहे. तुला आवडो न आवडो. काही चुकलं असेल तर दुरुस्त करायला तू मोकळी आहेस, पण तुझ्या वेगानं तू ते पुढच्या वर्षी करशील आणि तोवर छापून झालेलं असेल. आता जरा बाजूला बस. मला बाकीच्यांशी बोलू दे.

तर ही माझी भावजय. धाकट्या भावाची बायको. तेव्हा आम्ही सगळे एका घरात राहत होतो: आई, धाकटा, ही आणि मी. मी शाळेत गणित शिकवत होते आणि लग्न केलं नव्हतं. त्याची चर्चा इथे नको.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी हिला कांदा चिरायला दिला. माझी अंघोळ झाली, केस विंचरून झाले, वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचून झालं, तरी हिचा कांदा चालूच. पण काय चिरला होता! एकेक चकती धरून पलीकडचं दिसावं. आणि सगळं डाव्या हातानं. मी म्हटलं, "अगं, ही सून आहे की गोगलगाय?" आई आतून म्हणाली, "गोगलगाय अन् पोटात पाय. जपून राहा." नाव चिकटलं ते चिकटलंच. हिला मुळीच राग आला नाही. मला म्हणते कशी, "वन्सं, गोगलगाय पोचते की नाही शेवटी?"

तिचे वडील चिनी मातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात झिलई चढवायचे. कच्चा कप झिलईच्या पातेल्यात बुडवायचा, उचलायचा, आणि तळाशी लोंबणारा थेंब पातेल्याच्या काठाला हलकेच टेकवून पुसायचा. थेंब तसाच वाळला तर कपाला गाठ येते. हिनं लहानपणापासून ते बघितलेलं. "थेंब लोंबला तर हात कच्चा," असं वडील म्हणायचे आणि तेच हिनं रक्तात मुरवलेलं. पुढे विज्ञानाची पदवी घेतली, पण अभिमान पदवीचा नव्हता. अभिमान हाताचा. विनय वगैरे हिच्यात औषधालाही नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, नाहीतर लेख वाचून लोकांना वाटायचं की कोणी साधीभोळी होती.

या हातावरच हिला प्रयोगशाळेत घेतलं. तिथे केसाएवढ्या तारा बनत. तारेचं टोक कातडीखाली बसवायचं आणि रक्तातली साखर किती, ते तिनं बाहेर कळवत राहायचं. दर वेळी बोट टोचायला नको. कल्पना झकास. अडचण एकच, की शरीर काही दुधखुळं नाही. परकी वस्तू आत आली की ते लगेच कामाला लागतं. आधी रक्तातली प्रथिनं येऊन चिकटतात, मग त्यांच्यावर पेशी, मग पेशींची भिंतच. पहिल्यांदा मला हे समजावताना हिनं गॅसवरच्या दुधाकडे बोट दाखवलं होतं. "साय धरते ना, वन्सं? तस्सं. तार आत जिवंत असते, पण सायीखाली तिला काही दिसत नाही. मग ती काहीबाही सांगायला लागते."

त्यावर उपाय म्हणजे लेप. सरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, एक मिश्रण तयार केलं होतं. ते पाण्याला असं काही धरून ठेवतं की तारेभोवती पाण्याचाच पदर होतो. प्रथिनं येतात, त्यांना पाणीच पाणी लागतं, धरायला काही मिळत नाही, निघून जातात. तार मिश्रणाच्या बरणीत बुडवायची, सावकाश वर काढायची, खास दिव्याखाली लेप पक्का करायचा आणि मिठाच्या पाण्यात ठेवायची. बुडवायचं काम हिचं. आईनं शेजारी सगळ्यांना सांगितलं, "आमची सून बुडवायचं काम करते." धाकट्याला महिनाभर लोक विचारत होते, काय रे, कोणाला बुडवलं?

आता खरी गोष्ट.

लेप काचेच्या भांड्यात उत्तम चालायचा. मेंढीच्या अंगात गेला की मात्र आठवडाभरात तार आंधळी. पुन्हा नवीन मिश्रण, पुन्हा नवीन मेंढी, पुन्हा तेच. सरांनी मिश्रण घट्ट केलं, पातळ केलं, दिवा बदलला. वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले. वरच्या समितीतले एक गृहस्थ भर बैठकीत म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." शेवटी समितीनं ठरवलं की आता ही एक शेवटची मेंढी. ही चाचणी फसली तर लेपाच्या खोलीला कुलूप, सर दुसऱ्या विभागात, आणि आमची गोगलगाय भांडारात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. कुलूप आणूनसुद्धा ठेवलं होतं. सरांच्या टेबलावर, समोर दिसेल असं. लोकांना एवढा उत्साह कशाचा असतो देव जाणे.

भांडाराचं नाव निघालं की ही हातातला घास ताटात ठेवायची. "वन्सं, चिठ्ठ्या कोणीही लावील हो," म्हणायची. "मग माझा हात कशाला?"

समितीच्या या निर्णयाच्या थोडं आधी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं माकडहाड दुखावलं. हिनं काही दिवस रजा काढली. त्या दिवसांत तारा बुडवल्या पैलवानानं. पैलवान म्हणजे हिचा जोडीदार, दारातून आडवा आत येणारा माणूस, पण हात फुलासारखा. हिनंच त्याला शिकवलेलं. त्याच्याही तारा मेंढीच्या अंगात आंधळ्या झाल्या. बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली फोटो घेतले, भिंतीवर लावले आणि मग एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तारेच्या टोकावर साय धरायला सुरुवात व्हायची ती नेहमी एकाच बाजूनं, नखाच्या चंद्रकोरीसारखी. तारेच्या मुठीवर पुढच्या बाजूला लाल ठिपका असतो, त्यामुळे डावं उजवं कळतं. हिच्या तारांवर कोर डावीकडे. पैलवानाच्या तारांवर उजवीकडे.

सर म्हणाले, दिव्याचा उजेड एका बाजूनं पडत असेल. दिवा फिरवून बघितला. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, मेंढी एका कुशीवर झोपत असेल. पैलवान म्हणाला, "मेंढीला माहीत असतं वाटतं, कोणाची तार आहे ते." हिला घरी आल्यावर काही सुचत नसे. आईची पाठ शेकता शेकता ही भिंतीकडे बघत बसायची. आई ओरडायची, "सूनबाई, पाठ माझी आहे, भाकड गायीची नाही!"

शेवटच्या मेंढीचा दिवस उजाडला. म्हातारी मेंढी होती, सगळे तिला आजीबाई म्हणत. सकाळी तार बसवायची होती. हिच्या तारा तयार होत्या, मिठाच्या पाण्यात, रांगेनं. घरात मी शाळेच्या घाईत, ही आपल्या गतीनं दूध वाढते आहे. आईला काठी टेकत चालता यायला लागलं होतं, म्हणजे बोलायला अधिक जोर आला होता. तिनं दुधाचं पातेलं बघितलं आणि सुरू झाली. "काय हे ध्यान! दोघींनी मिळून भांड्याचे दोन्ही काठ बरबटवले. इकडून हिची पळी, तिकडून तुझी. एकीनं तरी काठाला पळी न टेकवता दूध वाढावं!"

मी म्हटलं, "आई, मला उशीर होतोय. हिची बाजू डावीकडची, मी उजवीकडची पुसते, झालं?"

भावजयीची पळी हवेत. पळीला थेंब. थेंब जमिनीवर पडला, दुसरा पडला, तरी ही पातेल्याकडे बघतेच आहे. डाव्या काठावर सुकलेल्या दुधाचा ओघळ, उजव्या काठावर सुकलेल्या दुधाचा ओघळ.

"वन्सं," ती म्हणाली, "मी टेकवते."

"काय टेकवतेस?"

"टोक. बरणीच्या काठाला. थेंब पुसायला. मी डाव्या हातानं, तो उजव्या हातानं. मीच शिकवलं त्याला." आणि पळी माझ्या हातात कोंबून ही पळाली.

होय, पळाली. गोगलगाय पळाली. एक चप्पल तिची आणि एक माझी घालून. आई म्हणाली, "आग लागली का कुठे?" मी बघितलं तर हिचं ओळखपत्र खुंटीवर. त्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. गेली माझी शाळा. मी एका पायात तिची चप्पल, एका पायात माझी, अशी तिच्या मागे.

फाटकावरचा पहारेकरी मला म्हणाला, "बाई आत गेल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, उद्या दाखवते." मी त्याला तिचं कार्ड दाखवलं आणि त्याच एका कार्डावर मीही आत शिरले. आजवर कोणी विचारलेलं नाही, आता विचारून उपयोग नाही.

मेंढ्यांच्या शेडशेजारी एक स्वच्छ खोली होती. आजीबाईची मान भादरून झाली होती. ढोरांच्या डॉक्टरांनी हातमोजे घातले होते. सर तार पाण्यातून काढणार, तेवढ्यात ही दारात. धाप इतकी की शब्द फुटेना.

"थांबा. त्या घालू नका. त्या मी खराब केल्यात."

सर म्हणाले, "कधी?"

"पहिल्यापासून."

मग हिनं सांगितलं. लेप तेव्हा ओला असतो, सायीहून नाजूक. काठाला टेकवला की तेवढ्या जागेवरून तो खरवडून जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण प्रथिनांना दिसतं. एकदा बसायला जागा मिळाली की मग तिथून पुढे पसरायला कितीसा वेळ? काम लिहून ठेवलेल्या कागदावर थेंब पुसण्याचा उल्लेखच नव्हता, कारण हिला तो सांगण्यासारखा वाटलाच नव्हता. नाक पुसतो हे कोणी लिहून ठेवतं का?

 आजीबाई निवांत काहीतरी चघळत होती. मला वाटलं, आता ही गेली भांडारात. तीही तसंच समजून उभी होती. मान ताठ, ओठ पांढरे.

पैलवान म्हणाला, "मग मीपण खराब केल्यात की! मी यांच्याकडूनच शिकलो. माझंही नाव घाला."

सर खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे बाई," ते म्हणाले, "माझं पहिलंच मिश्रण बरोबर होतं?"

"असावं, सर."

"आणि मी ते इतक्यांदा बदललं."

"हो, सर."

"तुम्हाला मी सावकाश शिव्या देईन. आज नको. आज वेळ नाही." आणि मग तो माणूस हसायला लागला. डॉक्टरही हसले. हातमोजे काढत म्हणाले, "आजीबाईला काही घाई नाही. मान भादरलेली आहे, वारा खाईल चार दिवस." सरांनी तिथूनच समितीच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण सरांचा चेहरा आंबट झाला आणि ते म्हणाले, "या आठवड्याअखेरपर्यंत. एक दिवसही पुढे नाही."

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, थेंब पुसू नका. तसं केलं तर टोकाला गाठ वाळते, तिच्यातून साखर आत पोचायला उशीर, तार मठ्ठ. पुसावा तर खरवडतो, न पुसावा तर गाठ. दोन्हीकडून मार. तार वर खेचणारं एक छोटं यंत्र होतं. त्याचा अगदी कमी वेगही टोक बाहेर येताना जास्त पडत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी हिचा डबा घेऊन गेले आणि बसले बघत. या खेपेला फाटकावर माझं स्वतःचं नाव सांगितलं. हिनं यंत्र बंद केलं आणि त्याची कळ हातानं फिरवायला घेतली. फिरवतेय म्हणजे काय, फिरवतेय की नाही तेच कळेना. तार वर येत होती की खोली खाली जात होती, कोणी सांगावं! टोक द्रवाच्या पृष्ठभागाशी आलं. द्रव टोकाला धरून ठेवतो, त्याची बारीक मान तयार होते, लहान मुलानं पदर धरावा तशी. मला किंचाळावंसं वाटत होतं, ओढ ना एकदाची! पैलवानानं श्वास रोखला होता, त्याचा चेहरा लाल झाला होता. ही मात्र शांत. मान बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि मग द्रवानं आपला थेंब आपणच परत घेतला. तार वर आली. टोकाला काही नाही. काठाला शिवायची गरजच उरली नाही.

ती मला म्हणाली, "सुटायचं असतं त्याला. आपणच घाई करतो."

"मला बोलतेस का?"

"थेंबाला बोलतेय, वन्सं."

मग पडताळा. मेंढीच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्यात चमकणारा रंग मिसळून त्यात तारा ठेवायच्या, म्हणजे प्रथिनं चिकटली तर ती जागा हिरवी चमकेल. डावीकडे टेकवलेली तार: डावीकडे हिरवी कोर. उजवीकडे टेकवलेली: उजवीकडे. आणि थेंब सोडवलेली तार नुसती काळी. अंधार. मायक्रोस्कोपमध्ये काहीच न दिसण्यावर तीन माणसं टाळ्या वाजवताना मी तरी पहिल्यांदाच बघितली.

आठवड्याअखेरीस आजीबाईच्या मानेत तार बसली. गळ्यात पट्टा, पट्ट्यात डबी, डबीतून आकडे पडद्यावर. शिवाय दिवसभर थोड्या थोड्या वेळानं कानाच्या पाळीवरून रक्ताचा थेंब घेऊन खरी साखर मोजायची. पडद्यावर दोन रेघा: एक रक्ताची, एक तारेची. आधीच्या खेपांना पाच-सहा दिवस रेघा जोडीनं चालत आणि मग तारेची रेघ जेवणानंतरच्या आजोबांसारखी पेंगायला लागे. ते दिवस जवळ आले तशी घरातली माणसं हळू बोलायला लागली. धाकटा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, त्या आठवड्यात त्यानं एका गिऱ्हाइकाचं यंत्र उलटं जोडलं. आईनं माकडहाडाबद्दल बोलणं बंद केलं. ही घरात शिरली की आईचा पहिला प्रश्न, "मेंढी कशी आहे?"

"बरी आहे."

"रेघ?"

"सरळ आहे, आई."

"दृष्ट काढू का तिची?"

"मेंढीची की रेघेची?" धाकटा म्हणाला आणि शिव्या खाऊन गप्प बसला.

पेंगायचा दिवस आला. रेघ पेंगली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा उलटला, दुसरा उलटला. आजीबाई चारा खायची तेव्हा दोन्ही रेघा एकदम चढायच्या, रवंथ करत पडायची तेव्हा एकदम उतरायच्या. जणू दोन बहिणी हात धरून जिना चढताहेत आणि उतरताहेत. अध्यक्षबाई स्वतः बघायला आल्या. अंगण वाकडं म्हणणारे गृहस्थही आले होते. सरांनी मुद्दाम त्यांना पुढची खुर्ची दिली.

महिन्याअखेर तार बाहेर काढली. पुसायलाही लागली नाही. मायक्रोस्कोपखाली टोक असं दिसलं की काल बुडवून ठेवलं असावं. ना कोर, ना साय. अध्यक्षबाईंनी डोळा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यावर काही नाही?"

भावजय म्हणाली, "काही नाही. तेच तर केलंय."

तिथे जो गलका झाला तो मेंढ्यांनाही सहन झाला नाही, सगळ्या शेडभर बेंबें. पैलवानानं सरांना उचललं. खरोखर उचललं. सर म्हणत होते, "खाली ठेव, मला अजून बाईंना शिव्या द्यायच्या आहेत!" त्या शिव्या त्यांनी कधीच दिल्या नाहीत. उलट कामाच्या कागदावर पहिली ओळ हिच्या अक्षरात लिहून घेतली: टोक कशालाही टेकवू नये. आणि ते कुलूप पैलवानानं उचलून नेलं. त्याच्या सायकलला ते बरीच वर्षं होतं.

धाकट्यानं शिवणयंत्राच्या दात्यांतून एक चक्र जोडून यंत्राला तो वेग कायमचा दिला. त्या कळीवर कोणीतरी गोगलगायीचं चित्र चिकटवलं. नवी माणसं येतात, त्यांना सांगतात, शेवटचा टप्पा गोगलगायीवर लाव. त्यांना वाटतं, वेगाचं नाव आहे. पुढे अशा तारा माणसांच्या कातडीखाली गेल्या, तिथेही नीट चालल्या. लेपाची एक खोली होती, तिच्या तीन झाल्या. हिनं निवृत्त होईपर्यंत किती हात तयार केले, तीच जाणे. भांडारात ती आयुष्यात एकदाच गेली, दोरा मागायला.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते. आलीस का जवळ?

तार स्वच्छ निघाली त्या संध्याकाळी तू घरी आलीस ती हातात ती बरणी घेऊन. जाड काचेची, तारा बुडवायची, जिच्या काठाला इतके महिने टोकं टेकत होती. तू म्हणालीस, "वन्सं, एवढी फेकून या. माझ्याच्यानं फेकवत नाही. वडील असते तर म्हणाले असते, किती सुबक काठ आहे." मी म्हटलं, "उद्या शाळेत जाताना टाकते. कोपऱ्यावर भंगारवाला बसतो."

आई गेली, तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, घर मला उरलं. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून त्याच बरणीकडे बघत होतीस. मी तिच्यात पळ्या उभ्या करून ठेवते.

"वन्सं, ही अजून इथेच?"

"टाकते गं. उद्या."

तू हसलीस, दुधाची पळी उचललीस आणि थेंब आपोआप सुटेपर्यंत पातेल्यावर धरून उभी राहिलीस. माझा चहा गार झाला.